चुना लावण्याआधी

आमचं हत्यार साधं आहे, कोड नीट मांडणारं.
वाकडी ओळ सरळ करतं,
चार जागा सोडायच्या तिथं चारच सोडतं,
कंस जिथल्या तिथं.
कुणाचं वाईट करावं असं त्याच्या मनात येणारच नाही,
म्हणून तीन वर्षं मी निवांत झोपले
अनगोळच्या दोन खोल्यांत.

काल हुबळीहून ईरण्णा अंगडीचा फोन:
"नोड्री शैलजाक्का, फोल्डरात एक नाव आहे.
फाईल वाटते. फाईल नाही.
नुसता बाण आहे, बाहेर बोट दाखवणारा."
चालवून पाहिलं.
हत्यार बाणामागं गेलं, कुंपण ओलांडून,
सर्व्हरच्या सेटिंगची फाईल,
जिच्यात रिकाम्या जागेलासुद्धा अर्थ होता,
ती सुबक करून परत आलं.
म्हणालं, एक फाईल सुधारली.
सर्व्हर त्यानंतर उठला नाही.

बाबा निपाणीत रंगारी होते.
अक्कोळ रस्त्याला शाळेची भिंत रंगवायची होती.
आदल्या सांजेला स्वतः जाऊन, हात लावून बघून आले.
सकाळी गडी पाठवले, पाटीचा बाण बघा म्हणाले.
पाटीवर वर कन्नड, खाली मराठी,
बाण दोघांना एकच.
रात्रीत कुणीतरी तो फिरवला होता.
गड्यांनी विडीच्या वखारीची भिंत पांढरी केली,
जिच्यावर मालव्वा पाच वर्षं कोळशानं
बायकांचा हिशेब मांडायची,
हजार विड्यांना एक रेघ.
चुना चांगला होता. दोन हात दिलेले.

मी आधी लिहिलं: बाण आहे का विचार, नसेल तर लिही.
ईरण्णा हसला.
"विचारणं आणि लिहिणं, मध्ये एक रात्र मावते की, अक्का."
मग पहाटेपर्यंत बसले.
आधी फाईल हातात धरायची, बाण असेल तर धरायचीच नाही.
धरलेलीलाच विचारायचं, कुंपणातली का तू?
आणि धरलेलीवरच लिहायचं,
नावाकडं पुन्हा वळून बघायचं नाही.
नव्या आवृत्तीच्या टिपेत एकच ओळ घातली:
यापुढे बाणामागे जात नाही.
आधी जात होतं, हेही घालायला हवं होतं.
घातलं, उशिरा.

त्या दिवशी सतरा बायका वखारीपाशी आल्या
आपापल्या रेघा तोंडी सांगायला.
बाबा कोळसा घेऊन ओल्या चुन्यावर ओढत गेले.
एकीनंही एक रेघ जास्त सांगितली नाही,
असं बाबा सांगायचे.
मालव्वा म्हणायची, सगळ्यांनी सांगितली,
आणि मी मोजली नाही.