खाडे

तुमच्या हाताला चव आहे, काकू,
पोरं म्हणायची, आणि मी लाजून
हात पदराला पुसायची.
हाताला आणखी काय काय असतं
ते त्यांनी कधी विचारलं नाही.
मीही नाही.

नारायण पेठ, जिना चढून डावीकडे,
सोळा पोरांची खानावळ.
भिंतीवर पाटी : उष्टं टाकू नये. उधारी बंद.
हात धुण्याबद्दल एक अक्षर नव्हतं.
साबण होता म्हणा, वडीचा शेवटचा तुकडा,
नखाएवढा,
महिनाभर तेवढाच.

श्रावण सरताना वहीत खाडे वाढले.
मुंजाजी घुगे, चार.
त्याच्या खोलीतला सातपुते, तीन.
मी बोटांवर हिशेब केला : इतक्या पोळ्या वाचल्या,
गणपतीच्या आत सिलिंडरचं भागेल.
खरं सांगते, बरं वाटलं होतं.

आठव्या दिवशी मऊ भात घेऊन गेले.
मुंजाजी कॉटवर, उशाशी महाराष्ट्राचा नकाशा,
हिंगोलीभोवती पेनाचा गोल.
मुख्य परीक्षेला अठरा दिवस.
त्यानं वळून बघितलं
आणि तो पिवळा रंग मी ओळखला.
माझ्या वरणाचा होता,
हळद जरा जास्त पडली की होतो तो.
"काकू," म्हणाला, "खाडे धरलेत ना माझे?"

मग महापालिकेचा माणूस आला, थेट गच्चीवर.
टाकीचं झाकण फुटलेलं,
वर आम्ही टाकलेलं पोतं, पोत्यावर वीट.
वीट होती. पोतं आत गेलेलं.
कबुतराचं एक पीस पाण्यावर गोल फिरत होतं.
बाटलीत पाणी धरून मी म्हटलं,
बघा की, तळ दिसतोय.
तो बूच लावत म्हणाला,
बाई, दिसण्यावर जाऊ नका.

रात्रभर मी स्वतःशी भांडले.
आमटी उकळते, भात शिजतो, पोळी तव्यावर भाजते,
विस्तवापुढे काय टिकणार?
पहाटे आठवली कोथिंबीर.
गॅस बंद केल्यावर वरून पेरायची ती,
त्याच पाण्यात बुचकळून,
ओटा पुसलेल्या फडक्यावर निथळून,
याच चिमटीनं.
नुसती शोभेला.

आता पाणी खळखळून उकळतं, मगच माठात जातं.
सिलिंडर आठवडाभर आधी संपतो.
टाकीला झाकण आहे, झाकणाला कडी.
फडकी रोज उन्हात, नखं दर रविवारी,
आणि हात कोपरापर्यंत.
कौसाबाई हसते : काकू, भाजी चिरताय का पोट?
मी म्हणते, पोटच आहे गं. सोळा आहेत.

मुंजाजी दिवाळीनंतर आला. पाय काडीसारखे.
परीक्षा होऊन गेली होती.
एकेचाळीस खाड्यांचे पैसे मी मोजून हातात दिले.
वर्षाचा खाडा कुठं मांडायचा?
वहीत तेवढा रकाना नाही.

त्यानं बेसिनशी जाऊन हात धुतले,
खूप वेळ, माझ्याकडे न बघता.
ताट वाढलं. वरण वाढलं.
विचारावं की नाही, कळेना.
कोथिंबीर घालू?

तो थांबला.
मग म्हणाला, थोडी.