अकरा मिनिटं

सिनेमाचं नाव सांगणार नाही.
इर्शाद म्हणतो, नाव घेतलं की नजर लागते,
आणि याची तारीख आधीच चारदा पुढे गेली आहे.
आधी पाडवा, मग जून, मग 'लवकरच',
मग नुसतंच पोस्टर, खाली काही नाही.

मी नोट प्रेसमध्ये एकतीस वर्षं तपासनीस होतो.
ओल्या शाईच्या तावांवरून डोळे फिरवायचे,
रेघ फुटली, आकडा सरकला, की लाल खूण.
मला पैसे कधी दिसले नाहीत, दोष दिसले.
तीच नजर घेऊन जेल रोडला निवृत्त झालो
आणि आता काळ्या-पांढऱ्या माणसांच्या
गालांवरचे ओरखडे मोजतो.

आमच्याकडची प्रत इर्शाद अत्तारच्या लायब्ररीतली,
दूध बाजारात, जिन्याखाली,
कॅसेट दिवसाला दहा रुपये होती तेव्हाची.
दर जुलैत तिला बुरशी धरायची.
तो पुसायचा वडिलांच्या दुकानातल्या कापसाने.
म्हणून असेल, ती बाई पदर सावरते
तेव्हा मला अजून वाळ्याचा वास येतो.

मध्येच एक उडी आहे.
ती दार लावून घेते.
लगेच सकाळ. तिच्या कडेवर कुणाचं तरी मूल,
आणि भिंतीवरचं घड्याळ नाही.

शरणपूरच्या रूथबाई साळव्यांनी हिशेब काढला,
सेन्सॉरच्या कागदावरचे फूट भागून.
हजार फूट गायब. अकरा मिनिटं.
बाई भूगोल शिकवायच्या, नकाशात पांढरी जागा त्यांना चालत नाही.

त्यांच्या मते घड्याळ विकलं, मुलाच्या औषधासाठी.
इर्शाद म्हणतो, छे, नवरा रात्री येऊन गेला,
घड्याळ त्यानेच नेलं, दुसरं काय नेणार?
मी म्हणतो, काही घडत नाही.
ती थोडी रडते, भात टाकते,
सकाळी घड्याळ दुरुस्तीला देऊन येते.
बावीस वर्षं, दर रविवारी, रूथबाईंच्या ओट्यावर
आम्ही हे रीळ तोंडाने चालवतो.
मागच्या वर्षी त्यात एक मांजरही आली.

आणि आता कुठल्याशा परदेशी तळघरात
ते हजार फूट सापडलेत म्हणे.
धुऊन, वाळवून, तकतकीत करून
डिस्कवर येणार, सोबत छोटं पुस्तक.
आम्ही तिघांनी तीन मागवल्या.
इर्शाद मोतीबिंदू काढून घेतोय, निदान डावा,
स्वच्छ प्रिंटला स्वच्छ डोळा नको का, म्हणतो.
रूथबाईंनी जुना प्लेअर शोधला.
मेन रोडच्या दुकानातल्या पोराने विचारलं,
आजी, हे कशाचं झाकण?

माझ्या डिस्का द्राक्षांच्या खोक्यांत राहतात.
पिंपळगावचा भाचा आणून देतो,
लंडनला जायचे राहिलेले खोके, गंधकाच्या कागदाचा वास असलेले.
मापाला अगदी बरोबर. एका खोक्यात अठरा.
सातव्या खोक्यात सतराच ठेवल्यात.

बायको विचारते, कळल्यावर रविवारी काय करणार?
मी म्हटलं, ओरखडे मोजू.
ते तर पुसलेत ना त्यांनी, ती म्हणाली,
आणि मेथी निवडत राहिली.

काल कुरिअरवाल्याचा फोन.
काका, पार्सल आहे, द्वारकेला अडकलोय,
अर्धा तास तरी लागेल.
सावकाश ये, म्हटलं.
चष्मा पुसला. परत पुसला.
इर्शादला फोन लावणार होतो, लावला नाही.
त्या अर्ध्या तासात मी सगळं पाहून घेतलं,
दार, मूल, मोकळा खिळा,
भाताला आलेला कढ, आणि ती मांजरसुद्धा.

पार्सल मिक्सरच्या भांड्याचं निघालं.

बरं वाटलं.
मग, बरं वाटलं म्हणून जरा वाईट वाटलं.
सातव्या खोक्यातली एका बोटाची फट
फुंकर मारून साफ केली,
आणि झाकण तसंच, अर्धवट ठेवलं.