बिनरंगाचा पूल

पूल उघडला त्या वर्षी लोक म्हणाले,
सरकारनं गंजका माल गळ्यात मारला.
नारिंगी पाणी ओघळत होतं
खालच्या सिमेंटवर, काठच्या गोट्यांवर,
एकदा माझ्या बापाच्या पांढऱ्या टोपीवरसुद्धा.

बाप रंगारी. घरांचा नव्हे, पुलांचा.
वेस्ट व्हर्जिनियातल्या आमच्या दऱ्यांत
असा पूल नसेल, ज्याच्या पोटाखाली
होबार्ट स्टिल्टनर दोराला लटकला नाही.
खरवडायचं, शेंदराचा एक हात, मग करड्याचे दोन.
या टोकाला पोचेतो ते टोक सोलायला लागायचं,
आणि त्यावरच आमची चूल पेटायची.

म्हणून या पुलाशी त्याचं बोलणं नव्हतं.
दर ऑक्टोबरात मात्र यायचा,
ट्रकची किल्ली काढून
गर्डरवर एक रेघ ओढायचा.

पहिल्या वर्षी बोटभर भुकटी निघाली.
तो खूश. "पाच वर्षं. फार तर सहा."
दुसऱ्या वर्षी जरा रवाळ.
चौथ्या वर्षी किल्लीचेच दात झिजले.

अकराव्या वर्षी मी त्याच पुलाची तपासनीस होऊन आले.
त्याला सांगितलं, यात चिमूटभर तांबं आहे,
थोडं क्रोमियम, थोडं निकेल.
पाऊस भिजवतो, वारा सुकवतो, पुन्हा भिजवतो,
आणि गंज आत आत शिरायचं सोडून
दाण्याला दाणा लावून गच्च बसतो,
आतून कडी घातल्यासारखा.
"खपली," बाप म्हणाला.
"मग तसं सांग ना."

सगळीकडे नाही धरत ती.
सांध्याखाली, जिथं हिवाळ्यात रस्त्याचं मीठ गळतं,
ओकची पानं साचतात आणि वाळतच नाहीत,
तिथं पापुद्रे सुटतात भिजलेल्या वहीसारखे,
हातोडी मारली की आवाज बद्द येतो.
तिथं मी खडूनं गोल करते.
बापानं त्या गोलाकडे फार वेळ पाहिलं.

त्याचा धाकटा भाऊ आर्लिस,
जुन्या रेल्वे पुलावर, करड्याच्या दुसऱ्या हाताला,
कमरेची बादली, आणि दोर
आमच्या घरात हे वाक्य
कुणी पुरं केलेलं नाही.

यंदा बाप एकोणऐंशीचा.
पूल आता जांभळट तपकिरी,
पाऊस थांबून तास झाला की कोरडा.
किल्ली खिशातच राहिली. त्यानं तळवा टेकला.
"याला रंगवायला कुणी चढलं नाही ना वर?"
"नाही."
"एवढ्या वर्षांत?"
"कुणीच नाही, बाबा."

तो काही बोलला नाही.
टोपी नीट केली, कठड्याला धरत धरत
ट्रकपर्यंत गेला, दार उघडलं,
आणि तिथूनच ओरडला:
"त्या सांध्याखालची पानं काढत जा गं.
ओली राहतात."