वेढे

उद्यमनगरात, लेथच्या दुकानामागं, माझं रिवाइंडिंगचं खोपटं.
कस्तुरी शाळेतनं येते, दप्तर एका स्टेटरवर ठेवते,
विचारते, आबा, विद्युतचुंबकीय म्हणजे काय?
मी बोट वर करतो. बासष्ट, त्रेसष्ट.
मोजताना मी बोलत नाही,
हे तिला रांगत होती तेव्हापासनं ठाऊक.
बहात्तरला गाठ मारतो.

शब्द मोठाय, बाळे. जीभ अडकतीया.
पण बघ, ही तांब्याची तार, हिला लोखंडाचं काय पडलेलं नाही.
ह्या पत्र्यांच्या गठ्ठ्याला तिचं काय नाही.
वेढे घाल, करंट सोड,
मग जी ओढ उठती ती ना एकट्या तारंची, ना पत्र्याची.
करंट काढला, की कोण तू आणि कोण मी.

पाच उपयोग लिहायचेत, ती म्हणते.
लिही.
पुरात बुडालेली ही चिखलीची मोटर,
चिखल खरवडला तरी नदीचा वास जात नाही.
लिही, पोवारकाकूंचा मिक्सर,
मसाल्याचं अख्खं खोबरं एकदम कोंबून जाळलेला.
शिरोलीच्या फौंड्रीत क्रेनला टांगलेलं काळं ताट:
सायकली, कुलपं, तराजू, कुणाच्या खाटेचे पाय
त्याला बिलगून वर जातात,
ऑपरेटर बटण सोडतो,
सगळं खाली.
आणि शाळेची घंटा.
ती शिपाईमामा हातानं वाजवत्यात, आबा.
मग खोड ती.

चौथा ती न विचारता लिहिते.
बाकड्यावर माझ्या शेजारीच होती ती,
तिच्या आईला त्या पांढऱ्या बोगद्यात सरकवलं तेव्हा.
बांगड्या, जोडवी, केसातली पिन माझ्या ओंजळीत.
खिशात लोखंड आहे का, तिथल्या पोरानं विचारलं.
खिसा उलटा केला तर कीस सांडला,
किती वर्षांचा कुणास ठाऊक.
मला दाराबाहेर काढलं.
आतनं ठक ठक ठक, मग नुसती घरघर, परत ठक.
एवढी मोठी कॉइल. कुणी गुंडाळली असेल?
मी वेढे मोजत बसलो
आणि आयुष्यात पहिल्यांदा आकडा चुकला.

पाचवी ओळ मोकळी आहे. ती पेन्सिल चावते.
आबा, आईची जोडवी चुंबकाला चिकटत्यात?
चांदीची हाईत. नाही चिकटत.
मग काढायला का लावली?

मी नवी तार ओढतो. एक. दोन.
ती थांबते.
मोजताना मी बोलत नाही, तिला ठाऊक आहे.