हळदीआधी अर्धा तास

दिवाळे गावात स्पीकर उतरवले तेव्हा सहा वाजले होते.
वायरी खाडीच्या वाऱ्याने चिकट,
जनरेटर टेम्पोतच ठेवून चालू केला.
नवऱ्याचा काका म्हणाला, डीजे साडेसातला.
आधी धवलारीन. तिला एक माइक दे.

रेवूबायने माइक धरला
ताजा बोंबील धरावा तसा, निसटेल म्हणून.
म्हटलं, बाय, जरा लांबून बोला.
"बोलाचा नाय रं. बोलवाचा हाय."

मग एकेकाला बोलवत गेली.
एकवीरेला डोंगरावरून,
बहिरीदेवाला पाण्यातून,
विहिरीला, उंबराला,
ज्या वाटेवर आता पेट्रोलपंप आहे त्या वाटेला.
आणि मध्येच, आवाज न बदलता:

मादरीन आली गलबतान,
मेनाची वात तिचे हातान

मी विचारलं, ही कोण?
"मना काय ठावं. आयशीनं बोलवली, मी बोलवतंय.
पत्रिका नाय दिली तरी येते."

माझा लाइटवाला इनास, चेंदणीचा,
शिडीवरच थांबला. खांद्यावर हॅलोजन.
"आमच्यात बाप्तिस्म्याला पोराला हातांत धरते
ती मादरीन.
माझी होती. तिनं दिलेलं घड्याळ अजून चालतं."

रेवूबाय जराशी हसली.
"मंग बरोबर हाय.
नवऱ्याला धराला कुनीतरी लागतंच."

मी सोलापूरचा. घरी तेलुगू, धंदा मराठी.
मला वाटायचं, सरमिसळ फक्त आमच्याच घरात.
इथे फिरंग्यांची एक बाई
बहिरीदेव आणि विहिरीच्या मध्ये बसलेली,
किती पिढ्या, कोणी विचारलं नाही
की तू कुठली,
कोणी उठ म्हणालं नाही.

आणखी एक. हे मला उशिरा कळलं.
पेटी नव्हती, सूर द्यायला कोणी नव्हतं,
तरी बाई तसूभर हलत नव्हती.
हेडफोन लावला तेव्हा समजलं,
सूर तिने जनरेटरचा घेतला होता.
टेम्पोतली ती जाड घरघर
तिने पायाखाली घेतली होती, ओट्यासारखी.

साडेसातला मी माझं काम केलं.
काचा हादरल्या, पोरं नाचली,
रेवूबाय खुर्चीत बसून वेफर्स खात होती.

रात्री एकला वायरी गुंडाळताना
इनास तेच गुणगुणत होता, गलबत, मेनाची वात,
अगदी त्याच सुरात.
जनरेटर बंद करून तास झाला होता.