खर्जासाठी चार चिजा

आषाढी झाली. मुहूर्त संपले.
गणवेश डांबरगोळ्यांसकट ट्रंकेत गेले,
दौलतगंजातल्या आमच्या दुकानावर
पाटी तेवढी ताठ उभी:
भोईटे ब्रास बँड, लष्कर, ग्वाल्हेर.

हबीब कॉर्नेट पुसत म्हणाला,
या वेळी लोक खुर्चीवर बसून ऐकणार.
घोडा नाही, जनरेटर नाही,
नोटा ओवाळणारे मामा नाहीत.
आणि कार्यक्रम तुझ्या ट्यूबाचा आहे, हणमंता.
चिजा तूच निवड.

एकतीस वर्षं मी मागच्या रांगेत.
सा आणि प. सा आणि प.
चाल दुसऱ्याची, पाय माझे.
लग्नाच्या व्हिडिओत मी कुठेच नाही;
असलंच तर पितळेचं एक मोठं तोंड
आणि त्यात उलटी लटकलेली वरात.

आजोबांची वही काढली, संस्थानच्या बँडातली.
पान सात, मार्च. मला बेचाळीस मात्रा विश्रांती.
समासात त्यांच्याच शिसपेन्सिलीनं: इथे तंबाखू.
पान उलटलं.

मग फ्रान्सिसनं आणलेली विलायती करामत.
वर उडी, खाली उडी, एका दमात सोळा स्वर.
वाजवून पाहिली.
हत्तीला सायकलवर बसवल्यासारखी वाटली.
टाळ्या पडतील, नाही असं नाही,
पण त्या सायकलला.

वॉल्ट्झ ठेवला. त्यात दोघे ट्रॉम्बोनवाले
मला प्रश्न विचारतात
आणि उत्तराची वाट बघतात.
अशी सवय नाही मला, पहिल्यांदा चुकलोच.
पान अकरावरचा छोटा मार्च ठेवला,
त्यात तंबाखूला जागा नाही.

आणि भूप.
विलंबित, सगळा मंद्रात.
धैवतावर थांबलो तर शटर थरथरलं,
समोरच्या गजकवाल्याच्या रिकाम्या बरण्या
एकमेकींना लागून किणकिणल्या.
(त्याचाही हंगाम थंडीतच.)
या गावातले गवई पहाटे उठून खर्ज भरायचे.
मी तो भर रस्त्यात भरला,
घोड्याच्या शेपटीमागे,
एक डोळा लिदीवर ठेवून.

डॉक्टरीणबाई म्हणतात, फुप्फुस पंचावन्न टक्के.
आकडा मी दुकानात सांगितला नव्हता.
पण दुसऱ्या दिवशी भूपाच्या लांब ओळीत
हबीबच्या पेन्सिलीचा एक स्वल्पविराम होता,
आणि त्याखाली कॉर्नेटसाठी दोन स्वर,
मी श्वास घेईपर्यंत पुरतील एवढेच.
मी काही बोललो नाही. त्यानंही नाही.

तीन झाल्या. चौथी पत्रिकेत छापू नका.
चौथीला सगळ्यांनी वाद्यं मांडीवर ठेवायची.
मी एकटा. सा आणि प. सा आणि प.
वरची चाल नाहीच.
ज्यांच्या लग्नात आम्ही वाजवलं
त्यांनी ती आपापली आठवावी.

फ्रान्सिस म्हणाला, लोक हसतील.
हसू देत, म्हटलं, आणि सुरू केलं.

बाहेर चहावाल्याचा पोरगा चालला होता,
बोटांत पाच ग्लास अडकवून.
थांबला.
दुकानाकडे बघितलंही नाही त्यानं.
फक्त त्याचा उजवा पाय
त्याला न विचारता
चालू झाला.