इजिप्तच्या टोप्या

वाशीला पाच टोप्या घेतल्या होत्या,
रुंद काठाच्या, हनुवटीखाली दोरी असलेल्या,
पिरॅमिडसमोर उभं राहण्यासाठी.
मग आबांच्या छातीत दोन स्टेंट बसले
आणि टूरवाल्यानं निम्मेच पैसे परत दिले.

टोप्या उरल्या.

दर्शना म्हणाली, ऊन इथेही आहे,
जुने दगड इथेही आहेत,
आणि पोरं घरात भिंती खातायत.
म्हणून मेच्या दुसऱ्या रविवारी
आम्ही सानपाड्याहून इजिप्तला निघालो
मेव्हण्याच्या इको गाडीत.
बेबीआत्या मूळ यादीत नव्हती.
तिनं डोक्यावर पदर घेतला, मांडीवर कोकम सरबताचा थर्मास,
आणि पाम बीचच्या प्रत्येक सिग्नलला विचारलं,
आलं का?

आधी बेलापूरचा किल्ला.
आरुषनं बुरुजाला हात लावला नि झटकन काढला,
आणि मग बुरुजाकडेच असं पाहिलं
जणू त्यानं वर्गात चिमटा काढलाय.
राजा निजायचा कुठं, आत्यानं विचारलं.
कुणालाच ठाऊक नव्हतं.
कोळशानं लिहिलेलं होतं, सागर अधिक एन.
शिलालेख, त्रिशा म्हणाली, आणि फोटो काढला.
खाली ओहोटीचा चिखल, त्यात एकच बगळा.
ही बघा नाईल, मी म्हणालो.
आबांनी टोपीखालून माझ्याकडे पाहिलं.
"पनवेलची खाडी हाय ती.
हितं मी निवट्या धरल्यात."

साडेबारा वाजले होते. घरी वांगी-सुकट तयार होती.
पण आबा म्हणाले, "आता माजा दगड बगाला चला."

सेक्टरच्या बागेची भिंत आणि ट्रान्सफॉर्मर
यांच्या मधल्या बोळात तो उभा होता,
कंबरेएवढा, एका बाजूला कललेला,
कुणीतरी शेंदूर फासलेला, कुणीतरी बिस्किटाचा पुडा ठेवलेला.
वर चंद्र-सूर्य.
मध्ये अक्षरं, वापरून संपत आलेल्या साबणावरच्या नावासारखी.
खाली बाई. आणि गाढव.

गाढव काय करतंय, त्रिशानं विचारलं.

दर्शनाला एकदम तहान लागली.
मी मोबाइल वर धरून रेंज शोधली.
ओझं नेतंय गं, आत्या म्हणाली,
आणि आरुष म्हणाला, ओझं कुठाय?

आबा गुडघा धरून खाली बसले.
"शिवी हाय ती. दगडावर लिवलेली शिवी.
राजानं कोनाला जमीन दिली,
न् मंग कोनी ती लाटली,
तं त्याच्या आईला..."
थांबले.
"त्याचा वाईट व्हनार."
कधीपर्यंत?
"वर बग. ते दोगं हायत तवर."

ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता.
भिंतीपलीकडे कुणीतरी झोपाळ्यावर
करकर करत वर जात होतं, खाली येत होतं.

"यो आपला बांध व्हता," आबा म्हणाले.
"हितून त्या पिवल्या बिल्डिंगपातुर. खारा भात.
कागद आले तवा गावानं अंगठे दिले.
मी सय केली. घरात मीच सातवी.
तीन पानांवर सय. निली शाई."
हे सांगताना त्यांचा आवाज जरा ताठ झाला,
बक्षीस सांगावं तसा.
मग बराच वेळ ते त्या गाढवाकडे बघत राहिले.

मला हिशोब माहीत आहे.
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट, त्यावरचे आमचे दोन फ्लॅट,
एक विकला ताईच्या लग्नात,
दुसऱ्यात आम्ही राहतो.
शाप कुणाला लागू होतो, घेणाऱ्याला की सही करणाऱ्याला,
हे त्या साबणात वाचता येत नव्हतं.

आबांनी टोपीची दोरी सोडली.
उठताना आधार म्हणून दगडावर हात ठेवला,
आणि हाताबरोबर टोपीही ठेवली.
काठ रुंद होता.
चंद्र-सूर्य दोन्ही झाकले गेले.

आरुष हसत सुटला, दगड टुरिस्ट झाला म्हणून.
गाडीत बसल्यावर मी म्हणालो,
आबा, टोपी राहिली. आणतो.

"ऱ्हाऊं दे," ते म्हणाले. "ऊन हाय."